पाहणाऱ्याला शिक्षा

खेड्यात नवं माणूस दिसलं की विचारायचे प्रश्न ठरलेले असतात. नाव काय, गाव कोणतं, कोणाकडे आलात. समोर लहान मूल असेल तर एकच प्रश्न, कोणाचा रे तू? मी गडचिरोलीच्या अलीकडच्या त्या गावात मास्तर म्हणून उतरलो तेव्हा यातलं काहीच कोणी विचारलं नाही. मोटार धूळ उडवत निघून गेली आणि धूळ खाली बसल्यावर समोर एक उंच, वाळलेले गृहस्थ दिसले. जूनचा उकाडा, अंगात काळा गरम कोट, खाली धोतर, आणि डोक्यावर उलटी धरलेली लाकडी खुर्ची. त्यांनी खुर्ची उतरवली, माझ्यासमोर मांडली, तिच्यावर स्वतः बसले आणि म्हणाले,

"तुमच्या घराच्या डाव्या बाजूले कोन राह्यते?"

मी वर्ध्याचा. म्हटलं, "एक वकील राहतात."

"त्यायनं तुमाले लहानपनी कधी रागावलं?"

"वकिलांनी? मला? नाही बुवा."

"अन उजव्या बाजूले?"

"उजव्या बाजूला रस्ता आहे."

त्यांनी माझ्याकडे पोरक्या मुलाकडे बघावं तसं बघितलं. "म्हनजे मायबापानं एकट्यानंच वाढवलं," असं पुटपुटत त्यांनी खुर्ची पुन्हा डोक्यावर घेतली आणि चालू लागले. मी ट्रंकेजवळ उभाच राहिलो.

हे गावचे मालगुजार, असं मला थांब्याजवळच्या रहीमभाई शिंप्याने सांगितलं. मालगुजारी नुकतीच गेली होती. सरकारने कायदा केला, जमिनी गेल्या, वसुली गेली, नोकरचाकर आपापल्या वाटेने गेले. मालगुजार हे नाव मात्र गेलं नाही, आणि खुर्चीही गेली नाही. पूर्वी हे गावात फिरायला निघाले की मागून एक गडी खुर्ची घेऊन चाले, कारण दुसऱ्याच्या खाटेवर बसायचं नाही असा त्यांच्या वडिलांपासूनचा शिरस्ता होता. गडी गेल्यावर शिरस्ता सोडता आला असता. यांनी खुर्ची स्वतः उचलली. यात आपलं काही कमी होतं असं त्यांच्या मनातही येत नसे. "खुर्ची माही, डोकं माहं, मंग लोकाले काऊन ओझं होते?" असं ते विचारायचे.

मला स्वभावतःच लोकांच्या तऱ्हा न्याहाळायची हौस. त्या गावात मी तीन-चार वर्षं काढली, त्यातला निम्मा वेळ या एका माणसाचं कोडं सोडवण्यात गेला असं म्हटलं तरी चालेल.

गावच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, एक चिंचेचं झाड होतं. मालगुजारीच्या काळात त्याच्याखाली गावचे तंटे मिटत. आता तंटे पंचायतीकडे आणि कचेरीत जाऊ लागले होते. कायद्याने मालगुजारांच्या हातात काही उरलं नव्हतं, तेव्हा त्यांनी कायद्यात कुठेच नसलेलं एक काम हाती घेतलं. बाजाराच्या दिवशी दुपारी ते चिंचेखाली खुर्ची टाकून बसत आणि गावातल्या पोराटोरांनी आठवडाभरात केलेल्या उचापतींचे खटले चालवत. लोक गमतीने जमत. मीही पहिल्यांदा गमतीनेच गेलो.

त्या दिवशीचा गुन्हा माझ्याच वर्गातला होता. एक पोरगा शाळेच्या मागच्या भिंतीला टेकून बिडी ओढताना सापडला होता. मला वाटलं, त्याला आता उठाबशा काढायला लावतील. जाऊन बघतो तर पोरगा मालगुजारांच्या खुर्चीजवळ मांडी घालून बसलेला, हातात मूठभर फुटाणे, आणि समोर मान खाली घालून उभे रहीमभाई.

"रहीमभाई, हे लेकरू तुमच्या बाजूचं?"

"हव, मालक."

"याले बिडी ओढताना पाह्यलं?"

"पाह्यलं ना. मशीनवर बसलो का समोरच दिसते."

"मंग काय म्हनलं त्याले?"

"काई नाई म्हनलं. लोकाचं पोरगं. आपन काऊन बोलावं?"

"तुमची बकरी याच्या बापाच्या धानात शिरली तं तो बोलते का नाई?"

"बोलते? बंबाबोंब करते!"

"बकरीसाठी तो बोलते. पोरासाठी तुमी बोलत नाई." मालगुजार जमलेल्या लोकांकडे वळले. "सांगा बरं, या दोघाइत शेजारधर्म कोनाले समजला?"

लोक हसले. रहीमभाईही हसले, पण जरा उशिरा. शिक्षा त्यांनाच झाली. येत्या रविवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत ते पोरगं त्यांच्याजवळ राहील. त्यांनी त्याला कामाला लावायचं, त्याच्याशी बोलायचं, आणि संध्याकाळी घरी पोचवून द्यायचं. एवढंच. रविवारी मी मुद्दाम तिकडून गेलो. पोरगा गुंड्या शिवत होता आणि रहीमभाई त्याला आपल्या लहानपणची कसलीशी लांबलचक हकिगत सांगत होते. दुपारची शिदोरी पोराच्या आईने बांधून दिली होती, कारण त्या काळी मुसलमानाच्या घरचं जेवण तिला चाललं नसतं. रहीमभाईच्या बायकोने वरून लोणच्याची फोड टाकली आणि पोराने ती खाल्ली. घरी मात्र त्याने हे सांगितलं नाही.

पुढच्या भेटीत मी मालगुजारांना म्हटलं, "बिडी ओढणारा फुटाणे खातो आणि पाहणाऱ्याला शिक्षा, हा कुठला न्याय?"

"लेकरू चुकनारच, मास्तर. चुकनं हे त्याचं कामच आहे. मोठा मानूस पाहून पुढं चालला जाते, हे कोनाचं काम आहे ते सांगा."

या न्यायालयात आणखी एक विचित्र नियम होता. ज्या पोराचा खटला, त्याच्या बापाला तिथे बसायची बंदी. बाप आला तर मालगुजार त्याला पाळीवरून खाली हाकलून देत. आई आली तर तिला जरा गोड बोलून घालवत, पण घालवत. मी कारण विचारलं तेव्हा त्यांनी माझ्या हातातलं पुस्तक घेतलं, उघडलं आणि माझ्या नाकाला चिकटवलं.

"वाचा."

"दिसत नाही."

"जवळ आहे म्हनून दिसत नाई. मायबापाचं असंच असते. त्यायचा दोष नाई. पन त्यायले विचारून फायदा नाई."

सुरुवातीला बापलोकांनी फार मनावर घेतलं. आमच्या पोरात हे कोण नाक खुपसणारे, मालगुजारी गेली तरी गुर्मी गेली नाही, असं पारावर बोललं जाई. त्याहून मोठी गंमत शेजाऱ्यांची झाली. पोराची खोडी दिसली की आपण गुन्हेगार ठरतो हे कळल्यावर गावातली मोठी माणसं पोरांना पाहून पळायला लागली. चिंचा पाडणाऱ्या पोरांना बघून एक भलामोठा गृहस्थ पंच्याने तोंड झाकून उलटा फिरलेला मी या डोळ्यांनी पाहिला आहे. पण पळून पळून माणूस किती पळणार? गाव ते केवढं! हळूहळू लोकांच्या लक्षात आलं की तोंड झाकून लांबचा फेरा घेण्यापेक्षा "काय रे, काय चाललंय?" एवढं म्हणणं सोपं पडतं. मग लोक म्हणू लागले. पोरांची पंचाईत झाली. त्यांना गावात बसायला जागा उरली नाही, असं माझा एक विद्यार्थी रडकुंडीला येऊन मला सांगत होता.

हे सगळं यांच्या डोक्यात आलं कुठून, हा माझा खरा प्रश्न. मी अनेकांना विचारलं. कोणी म्हणे हुकूम चालवायची सवय जात नाही, कोणी म्हणे बायको वारल्यापासून डोकं फिरलं. उत्तर मिळालं ते एका खटल्यातच.

पारबताबाई नावाची मासोळ्या विकणारी एक बाई होती. तलावावर तिचा डोंगा असे. एकाच लाकडातून कोरलेली, अरुंद होडी. बाई अंगाने किडकिडीत, पण जीभ अशी की बाजारात तिच्याशी भाव करायला लोक घाबरत. घरात एकटीच. एके दिवशी पोरांनी तिचा डोंगा न विचारता सोडला आणि मध्यावर नेऊन उलटवला. सगळी वाचली, पण एकाच्या नाकातोंडात पाणी गेलं. पोरं डोंगा घेऊन निघाली तेव्हा पारबताबाई काठावर जाळं वाळवत होती आणि तिने त्यांना हटकलं नव्हतं. म्हणून ती चिंचेखाली उभी.

"डोंगा तुहा, पोट्टे तुह्या समोरून गेले, अन तू बोलली नाई?"

"मी का त्यायची माय आहो?"

"नाई. म्हनून तं तुले विचारून राह्यलो. माय असती तं विचारलंच नसतं."

लोक हसायला लागले, पण बाई हसली नाही. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अन माहा पोरगा बिगडला तवा कोन बोललं? तुमच्या आमराईत बसून मोहाची पेत होता तो. रोज पेत होता. तुमी खिडकीतून पाहत होते, मालक. तवा तं तुमी खरेखुरे मालगुजार होते. एक शब्द टाकला असता तं घाबरून मुतला असता तो. टाकला का?"

 तिचा तो मुलगा दारूपायी घर सोडून चांद्याकडे कोळशाच्या खाणीवर गेला होता आणि नंतर त्याची खबर आली नव्हती, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. गावाला माहीत होतं.

मालगुजारांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "नाई टाकला. मले वाटलं, लोकाचं पोरगं."

पुढे ते म्हणाले, "त्याचा खटला माह्यावर चालाले पाह्यजे होता, बाई. कोनी चालवला नाई. म्हनून मी हे सुरू केलं."

मला एवढं वाईट वाटलं की तिथून उठून जावंसं वाटलं. पण मालगुजारांचं डोकं विलक्षण. इतकं बोलून त्यांनी तिला शिक्षा सुनावलीच. डोंगा उलटवणारी पोरं एक दिवस तिच्याजवळ. ती शिव्या घालत कबूल झाली. त्या दिवशी तिने त्यांना डोंगा कसा तोलायचा ते शिकवलं, आणि शिकवतानाही शिव्याच घालत होती.

मालगुजारांना एकच मुलगा, सोळा-सतरा वर्षांचा. आई लहानपणीच गेलेली. गोरा, अबोल, उंचीला बापासारखा. मॅट्रिकला एकदा नापास होऊन घरीच अभ्यास करत होता. ब्रह्मपुरीच्या शाळेत पुन्हा परीक्षेला बसायचा होता. मालगुजार त्याच्याबद्दल फार बोलत नसत. बोलले तर एकच वाक्य, आणि ते मोठ्या अभिमानाने. "इतक्या वर्षात माह्या पोराची एक तक्रार चिचेखाली आली नाई, मास्तर."

आणि ते खरंच होतं. मालगुजार भल्या पहाटे उठत, आमराईत मुलासाठी चटई आणि पुस्तकं मांडत, आणि खुर्ची डोक्यावर घेऊन गावात जात. गावातली पोरं उठली का, कोणाच्या घरात भांडण आहे, कोणतं लेकरू उपाशी शाळेत निघालं, हे सगळं ते फिरून बघत. दहाच्या सुमाराला परत आले की मुलगा चटईवर पुस्तक घेऊन बसलेला असे. बापाचं समाधान होई.

त्या वर्षी धानाची कापणी झाली, वाटा कोरड्या झाल्या, आणि लाकडाच्या गाड्या सुरू झाल्या. आमच्याकडचं सागवान आलापल्लीच्या इतकं नावाजलेलं नसलं तरी चांगलं होतं. ठेकेदाराच्या बैलगाड्या पहाटे जंगलातून निघून गावाच्या कडेने वैनगंगेच्या घाटाकडे जात. प्रत्येक ओंडक्यावर जंगल खात्याचा घणाने ठोकलेला शिक्का असायला हवा. सगळ्यांवर नसतो, हे लहान मूलही सांगू शकलं असतं. बिनशिक्क्याच्या गाड्यांवर ठेकेदार आपले नेहमीचे गाडीवान बसवत नसे. त्यासाठी तो आजूबाजूच्या गावांतली कोवळी पोरं धरी. पोरांना बैल हाकायला मिळत, बिड्या मिळत, आपण मोठे झालो असं वाटे. नाकेदाराने गाडी धरली तर गाडीवर पोरगं सापडे. ठेकेदार तेव्हा गडचिरोलीत चहा पीत असे.

आणि तसंच झालं. पलीकडच्या गावची दोन पोरं घाटावर धरली गेली आणि चोर म्हणून जेलात गेली. त्यांच्या आयांचं रडणं बाजारापर्यंत आलं होतं.

त्यानंतरचा बाजाराचा दिवस. चिंचेखाली कुठल्याशा कवठचोरीचा किरकोळ खटला चालू होता. पारबताबाई टोपली डोक्यावर घेऊन आली, टोपली खाली ठेवली आणि आरोपीच्या जागी उभी राहिली. तिला कोणी बोलावलं नव्हतं.

"माह्यावर खटला चालवा, मालक."

"कोन्या पोराचा?"

"तुमच्या."

मालगुजार हसले. त्यांना वाटलं, बाई थट्टा करते आहे. "माह्या बाजूले तुहं घर कुठी आहे, बाई?"

"नाई ना. तुमच्या बाजूले कोनाचंच घर नाई. इकडं आमराई, तिकडं आमराई. म्हनून इतक्या वर्षात तुमच्या पोराची तक्रार नाई आली." तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि तिच्या तोंडी ते ऐकायला फार विचित्र वाटत होतं. "तुमी पहाटे गावात आले का तो मागच्या कुंपनातून निघते. गाडीवर बसते. मी जाळं टाकाले निघाली का रोज दिसते मले. दिवारीपासून पाहून राह्यली मी."

"दिवारीपासून?" मालगुजारांनी विचारलं. "अन आज सांगते?"

"मुद्दाम चूप राह्यली. म्हनलं, यायनं माह्या पोराले पाह्यलं, आता आपनबी पाहावं. पाहू द्या यायले कसं वाटते ते." तिने पदराने तोंड पुसलं. "पन त्या दोघा पोट्ट्याइले धरून नेलं अन त्यायची माय कशी लोळली ते मी पाह्यलं, मालक. तसं कोनालेबी होऊ नये. म्हनून आली. द्या काय द्यायची ते शिक्षा."

मी मालगुजारांच्या तोंडाकडे बघू शकलो नाही. रहीमभाई उठले आणि तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले. "मीबी पाह्यलं. फजरच्या नमाजाले उठलो का गाडी जाते समोरून. मोठ्या घरचं पोरगं, कोन बोलन?" मग आणखी एक उठला, मग दोन बाया उठल्या. ज्यांना आजवर शिक्षा झाली होती ते जवळजवळ सगळेच उभे राहिले. बसलेले फार थोडे उरले आणि त्यांत मालगुजार होते.

कोणीतरी मुलाला बोलावून आणलं. तो आला, सगळ्यांना उभं पाहून थबकला. मालगुजारांनी तोंड उघडलं, पण विचारलं मात्र रहीमभाईंनी. "काऊन गेला रे बेटा?"

मुलगा पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला. "आपले बैल विकले ना बाबानं. तो ठेकेदार बैल हाकाले देते." आणि मग एकदम वर बघून म्हणाला, "तुमी सगळे रोज पाहत होते. पारबताकाकू पाहत होती, रहीमचाचा पाहत होते. कोनीच काई म्हनलं नाई. मले वाटलं, चालते."

इतकी साधी गोष्ट. मी शिक्षक असून इतक्या वर्षांत मला कोणी इतक्या थोडक्यात सांगितली नव्हती.

मालगुजार उठले.  ते फक्त एवढंच म्हणाले, "बाप खटल्यात बसत नाई," आणि पाळ उतरून चालू लागले. खुर्ची तिथेच राहिली. मी त्यांच्या मागे गेलो.  घरी पोचल्यावर त्यांनी मला खिडकी दाखवली. "इथूनच पाहत होतो मी, पारबताच्या पोराले," एवढंच म्हणाले.

रिकाम्या खुर्चीसमोर लोकांनीच केलेला निवाडा आम्हाला संध्याकाळी रहीमभाईंकडून कळला. जितक्यांनी पाहिलं तितक्यांना शिक्षा. प्रत्येकाने मालगुजारांच्या पोराला एकेक दिवस आपल्याजवळ ठेवायचं. रांग बरीच लांब झाली होती. पहिला दिवस पारबताबाईने मागून घेतला होता.

दुसऱ्या दिवशी मालगुजार घराबाहेर पडले नाहीत. शाळा सुटल्यावर मी गेलो तर ते पडवीत जमिनीवर बसलेले. मी विचारलं, "मुलगा गेला का?" म्हणाले, "गेला. पन गाडीवर गेला का बाईसंग गेला, मले मालूम नाई. मी पाह्यलं नाई. पाहाची हिंमत नाई झाली." ठेकेदाराची गाडी आमराईच्या कोपऱ्यावर थांबलेली त्यांनी ऐकली होती. बैलांच्या घंटा वाजायच्या थांबल्या आणि मग पुन्हा वाजू लागल्या. यापलीकडे त्यांना काही ठाऊक नव्हतं, आणि पहाटेपासून ते तसेच बसून होते. मी त्यांना पाणी दिलं. ते त्यांनी हातात धरून ठेवलं.

दिवस कलायला लागल्यावर पारबताबाई आली. एकटीच. डोक्यावर रिकामी टोपली. मालगुजार उभे राहिले आणि तिच्या मागे बघू लागले.

"येऊन राह्यला," ती म्हणाली. "जाळं धुवाले लावलं आहे. धुऊन झालं का येते."

"गाडी?"

"थांबली होती. तो बैलाकडं पाहत उभा होता. बैलच लागते त्याले, गाडी नाई. मी म्हनलं, आज हा माह्या संग आहे. ठेकेदाराचा मानूस काई बोलला, मी त्याच्यावून जास्त बोलली. मंग गेली गाडी."

मालगुजार खाली बसले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. आरोपी आणि न्यायाधीश म्हणून ती दोघं इतकी वर्षं एकमेकांशी भांडत आली होती. आता तिने टोपली ठेवली आणि पडवीच्या पायरीवर टेकली.

 ज्या माणसाने गावातल्या सगळ्या पोरांचा हिशेब ठेवला होता तो माणूस तिला लाजत, हलक्या आवाजात विचारत होता.

"बाई, दिवसभर तुह्याजवळ होता. कसा आहे तो?"

पारबताबाईने विचार केला. "पान्याले भेते."

"कोन? तो? तलावाच्या काठावर वाढलेला पोरगा आहे तो."

"तरी भेते. डोंग्यात बसवलं तं दोन्ही हातानं कड धरून बसला, डोळे मिटून. पन उतरतो म्हनला नाई. दुपारपावेतो बसून राह्यला. कोनाले सांगत नाई तो, त्याचा असा सभाव आहे."

"मले मालूम नव्हतं," मालगुजार म्हणाले.

"अन भेव वाटलं का गाते. हळूहळू. आपल्याच मनानं."

"गाते?"

"बरं गाते."

मालगुजार तिच्याकडे सरकून बसले.

"आनखी सांग," ते म्हणाले.